स्नोफ्लेकमधील खर्चाचा हिशेब: मोजणी उत्तम, लगाम सैल

स्नोफ्लेक या क्लाउडवरील डेटा-सेवेत संगणनाचे पैसे क्वेरीमागे (डेटाला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नामागे) आकारले जात नाहीत, वेअरहाउस, म्हणजे क्वेरी चालवणारा संगणकांचा संच, जितका वेळ चालू राहील तितक्या वेळाचे आकारले जातात. म्हणूनच या सेवेसोबत मिळणाऱ्या खर्च-नियंत्रणाच्या साधनांचे परीक्षण याच मुद्द्यापासून सुरू करणे योग्य ठरते. एक्स-स्मॉल या सर्वांत लहान वेअरहाउसला तासाला १ क्रेडिट (वापर मोजण्याचे स्नोफ्लेकचे एकक) लागते आणि पुढच्या प्रत्येक आकाराला त्याच्या आधीच्या आकाराच्या दुप्पट: स्मॉलला २, मीडियमला ४, लार्जला ८, असे करत सिक्स-एक्सएलला ५१२. आकारणी सेकंदांनुसार होते, मात्र वेअरहाउस जितक्या वेळा सुरू होईल तितक्या वेळा किमान ६० सेकंदांचे पैसे द्यावेच लागतात. क्रेडिटचा दर आवृत्ती आणि प्रदेश यांनुसार बदलतो. त्यामुळे एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउडच्या) मुंबई किंवा अझूरच्या (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडच्या) पुणे येथील प्रदेशात खाते असणाऱ्यांनी अमेरिकेतील दर गृहीत न धरता आपल्या करारातील दर घ्यावा. पुढील विवेचन म्हणूनच शक्यतो क्रेडिटांतच केले आहे.

खर्च नेमका कुणी केला, या प्रश्नाचे उत्तर देण्यात ही साधने आता खरोखरच चांगली झाली आहेत. पूर्वी वेअरहाउसचे तासागणिक क्रेडिट एकीकडे आणि क्वेरींचा इतिहास दुसरीकडे असे, आणि एकाच वेळी चालणाऱ्या अनेक क्वेरींमध्ये ते क्रेडिट वाटून देण्याचे किचकट एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेतील कोड) प्रत्येक टीमला स्वतः लिहावे लागे. २०२४ मध्ये ‘क्वेरी ॲट्रिब्यूशन हिस्टरी’ हा व्ह्यू (माहितीचा तयार तक्ता) आल्यापासून जवळपास प्रत्येक क्वेरीच्या वाट्याचे क्रेडिट तयार मिळते. स्टोअर्ड प्रोसिजरच्या (डेटाबेसमध्येच साठवलेल्या प्रोग्रॅमच्या) पोटात चाललेल्या क्वेरींची बेरीजही मूळ क्वेरीच्या ओळख-क्रमांकावरून करता येते. याला क्वेरी टॅगची (क्वेरीला जोडलेल्या ओळख-मजकुराची) जोड दिली की हिशेब पाइपलाइनपर्यंत, म्हणजे डेटा आणून बदलणाऱ्या कामांच्या प्रत्येक साखळीपर्यंत, पोहोचतो. टॅगमध्ये २००० अक्षरे मावतात, त्यामुळे पाइपलाइनचे नाव, टीम आणि प्रॉडक्शन की चाचणी, हे सारे जेसनच्या (नाव-मूल्य जोड्यांच्या मजकुराच्या) रूपात तिथे ठेवता येते. डीबीटी (एसक्यूएलने डेटाचे रूपांतर करण्याचे साधन) वापरणाऱ्यांना तर प्रत्येक मॉडेलच्या, म्हणजे रूपांतराच्या एकेका पायरीच्या, कॉन्फिगमध्येच टॅग देता येतो. टॅग लावण्याचा कंटाळा करणाऱ्या टीमला मात्र हा व्ह्यू फारसे काही सांगणार नाही, कारण सगळ्या पाइपलाइन एकाच सर्व्हिस युजरखाली (प्रोग्रॅमसाठीच्या सामायिक खात्याखाली) चालत असतील तर त्यांना वेगळे ओळखण्याची सोपी खूण उरत नाही.

तरीही या व्ह्यूची सर्वांत मोठी मर्यादा अशी की वेअरहाउस रिकामे चालू राहिल्याचा खर्च तो कुणाच्याच नावावर टाकत नाही. ही मर्यादा किती महाग पडू शकते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, मीडियम वेअरहाउसवर दर १० मिनिटांनी एक पाइपलाइन सुरू होते आणि ४० सेकंदांत संपते. एसक्यूएलने वेअरहाउस तयार करताना वेगळे काही सांगितले नसेल तर ऑटो-सस्पेंडची (काम नसताना वेअरहाउस आपोआप बंद होण्याची) मुदत ६०० सेकंद असते. काम संपल्यावर ५६० सेकंदांतच पुढची फेरी सुरू होत असल्याने हे वेअरहाउस कधीच बंद पडत नाही आणि दिवसाला ९६ क्रेडिट लागतात. प्रत्यक्ष काम मात्र दिवसभरातील १४४ फेऱ्या मिळून १.६ तासांचे, म्हणजे ६.४ क्रेडिटांचे असते, आणि ॲट्रिब्यूशनच्या व्ह्यूमध्ये तेवढेच दिसते. उरलेले ८९.६ क्रेडिट बेवारस राहतात. आता एखाद्या अभियंत्याने आठवडाभर खपून ती क्वेरी निम्म्या वेळात चालेल अशी केली, तर व्ह्यूमधील आकडा ३.२ वर येईल, कौतुकही होईल, आणि बिल ९६ च राहील. याउलट ऑटो-सस्पेंड ६० सेकंदांवर आणले, तर प्रत्येक फेरीला ढोबळमानाने १०० सेकंद धरून दिवसाला ४ तास, म्हणजे १६ क्रेडिट पुरतात. त्यासाठी क्वेरीला हातही लावावा लागत नाही.

हा रिकामा वेळ शोधण्याची सोय स्नोफ्लेकने दिलेली आहे, पण ती वेगळ्या ठिकाणी आहे. ‘वेअरहाउस मीटरिंग हिस्टरी’मध्ये संगणनाचे एकूण क्रेडिट आणि क्वेरींच्या नावावर पडलेले क्रेडिट असे दोन रकाने आहेत आणि त्यांची वजाबाकी म्हणजे रिकामा खर्च. सुधारणेला हात घालण्याआधी प्रत्येक वेअरहाउससाठी ही वजाबाकी करून पाहावी. प्रत्येक टीमला स्वतंत्र वेअरहाउस देण्याची प्रथा हिशेबाला सोयीची असली तरी रिकामा वेळही तितक्याच पटींनी वाढवते. टॅग नीट लावलेले असतील तर रात्रीच्या पाइपलाइन एकाच वेअरहाउसवर आणून हिशेब न बिघडवता बचत करता येते. डॅशबोर्डसाठीच्या वेअरहाउसला मात्र ६० सेकंदांचा नियम डोळे झाकून लावू नये, कारण वेअरहाउस बंद झाले की त्याच्या स्थानिक कॅशमधील, म्हणजे वेगासाठी जवळ ठेवलेला, डेटाही जातो.

लगामाच्या बाबतीत ही साधने कमी पडतात. रिसोर्स मॉनिटर, म्हणजे क्रेडिटच्या मर्यादेवर लक्ष ठेवणारी सोय, त्या मर्यादेच्या ठरलेल्या टक्केवारीला सूचना देतो, चालू क्वेरी संपल्यावर वेअरहाउस थांबवतो किंवा तत्काळ थांबवतो. परंतु तत्काळ थांबवण्यासही काही अवधी लागतो आणि तोवरचे क्रेडिट मोजले जातातच. शिवाय तो फक्त वेअरहाउसवर लक्ष ठेवतो. स्नोपाइप (डेटा आपोआप भरणारी) किंवा ऑटोमॅटिक क्लस्टरिंग (डेटाची आपोआप मांडणी करणारी) यांसारख्या सर्व्हरलेस, म्हणजे आपल्या वेअरहाउसविना चालणाऱ्या, सुविधांसाठी ‘बजेट’ ही वेगळी सोय वापरावी लागते. माहितीही ताजी नसते: मीटरिंगची ३ तासांपर्यंत, तर क्वेरीनिहाय वाटणीची ८ तासांपर्यंत उशिरा येऊ शकते. मध्यरात्री भरकटलेली पाइपलाइन सकाळच्या बैठकीत चर्चेला येईल, पण रात्रीच थांबवायची असेल तर स्टेटमेंट टाइमआउट (एखादी क्वेरी किती वेळ चालू द्यायची याची मर्यादा) हाच खरा उपाय आहे, आणि त्याची मूळ मर्यादा १,७२,८०० सेकंद, म्हणजे तब्बल दोन दिवस आहे. पाइपलाइनच्या वेअरहाउसवर ती तशीच ठेवण्याचे समर्थन करता येणार नाही.

भारतातून काम करणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण आहे. रिसोर्स मॉनिटरची मर्यादा यूटीसीनुसार (जागतिक प्रमाणवेळेनुसार) मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला नव्याने सुरू होते. रात्री एकला सुरू होऊन सकाळी सातला संपणाऱ्या लोडचा (डेटा भरण्याच्या कामाचा) खर्च त्यामुळे दोन दिवसांत विभागला जातो आणि दैनिक मर्यादा अपेक्षेप्रमाणे लागू होत नाही. खात्याचा मूळ टाइमझोन लॉस एंजेलिसचा असतो. तो बदलला नसेल तर तारखेनुसार काढलेल्या अहवालात रात्री एकचा तोच लोड आदल्या दिवशी दिसतो.

मोजक्या वेअरहाउसवर काम करणाऱ्या टीमला या अंगभूत साधनांपलीकडे काही विकत घेण्याची गरज नाही, असे माझे मत आहे. टॅग, ऑटो-सस्पेंड, टाइमआउट आणि वर सांगितलेली वजाबाकी एवढ्यावर बहुतेक गळती सापडते. वेअरहाउसची संख्या शेकड्यांत गेली आणि खर्च अनेक विभागांच्या नावे टाकायचा असला की मात्र रिकाम्या खर्चाची वाटणी कशी करायची हे स्वतः ठरवावे लागते. प्रत्यक्ष वापराच्या प्रमाणात ती करणे न्याय्य वाटते, परंतु दर १० मिनिटांनी वेअरहाउस जागे ठेवणारी छोटी पाइपलाइन त्यात स्वस्तात सुटते आणि तिचा भार शेजारच्या मोठ्या कामावर पडतो.