दिवसातून तीनदा म्हणजे किती वाजता, हे विचारून औषध देणारे दुकान

सांगलीत विश्रामबाग भागातील या औषधाच्या दुकानातून आमचे कुटुंब गेली ६ वर्षे औषधे घेत आहे. दुकान लहान आहे आणि सवलतही फारशी मिळत नाही. तरीही अँटिबायोटिक देताना येथे जी काळजी घेतली जाते, ती मला इतरत्र क्वचितच अनुभवास आली, म्हणून हा अभिप्राय थोडा सविस्तर लिहीत आहे.

मागील महिन्यात माझ्या आईच्या दाढेला गळू झाले. दंतवैद्यांनी अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल ५ दिवसांसाठी लिहून दिल्या आणि पुढे १-१-१ असे मांडले. वर्षभरापूर्वी हेच औषध आम्ही दुसऱ्या एका दुकानातून आणले होते. तेव्हा ‘तीन वेळा, जेवणानंतर’ एवढेच सांगण्यात आले होते आणि आई ते सकाळी ९, दुपारी १ आणि रात्री ८ वाजता घेत असे. म्हणजे दिवसा ४ व ७ तासांचे अंतर पडे आणि रात्री तब्बल १३ तासांचे. दिवसातून तीनदा घेतले की झाले, अशीच आम्हा सर्वांची समजूत होती.

या दुकानातील फार्मासिस्टनी चिठ्ठी पाहताच आधी पेनिसिलिनची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा काही त्रास आहे का, हे विचारले आणि मग आईकडे वळून म्हणाले, “काकू, सकाळचा चहा किती वाजता घेता?” आईने सहाच्या सुमारास असे सांगताच त्यांनी खाकी पाकिटावर नेहमीच्या तीन रेघा न ओढता जाड पेनाने ६, २, १० असे ठळक आकडे लिहिले, खाली ‘उपाशीपोटी चालेल’ अशी ओळ टाकली आणि १५ कॅप्सूल मोजून दिल्या. दुसरी पट्टी अर्धी कापताना औषधाचे नाव व मुदतीची तारीख आमच्या तुकड्यावर राहील, अशा बेताने त्यांनी कात्री चालवली. चष्मा न लावताही आईला ते आकडे वाचता येत होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली.

आठ तासांचेच अंतर कशासाठी, हेही त्यांनी गर्दी नसल्यामुळे सावकाश समजावून सांगितले. अमॉक्सिसिलिनचे रक्तातील प्रमाण साधारणपणे दर तासाला निम्म्यावर येत जाते, आणि या गटातील औषधांचा परिणाम रक्तातील प्रमाण एकदा किती वर गेले यापेक्षा ते पुरेशा पातळीवर किती वेळ टिकले यावर अधिक अवलंबून असतो. त्यामुळे रात्रीचे अंतर लांबले की जंतूंना तेवढी उसंत मिळते. याउलट ॲझिथ्रोमायसिन शरीराच्या पेशींत साठून राहते आणि निम्मे होण्यास त्याला जवळजवळ ३ दिवस लागतात, म्हणून ते दिवसातून एकदाच दिले जाते. एका औषधाची सवय दुसऱ्याला लावता येत नाही, हे मला त्या दिवशी प्रथमच नीट उमगले. एखादी मात्रा चुकलीच तर आठवताच घ्यावी, पण पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी आणि दोन एकदम कधीही घेऊ नयेत, असेही त्यांनी बजावले.

माझ्या भाच्यासाठी अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडचे कोरडे सिरप घेतले, तेव्हाही हाच अनुभव आला. उकळून गार केलेले पाणी बाटलीवरील खुणेपर्यंत कसे भरायचे, फेस बसल्यावर पुन्हा खुणेपर्यंत कसे आणायचे, हे त्यांनी बाटली हातात धरून दाखवले. ती फ्रीजमध्ये ठेवून सात दिवसांनी उरलेले औषध टाकून देण्यास सांगितले आणि टाकण्याची तारीख लेबलावर स्वतः लिहिली. हे औषध मात्र जेवणाच्या सुरुवातीला द्यावे म्हणजे पोट कमी बिघडते, आणि घरातील चमच्याऐवजी सोबतच्या मापानेच द्यावे, हेही सांगितले.

चिठ्ठीशिवाय येथे अँटिबायोटिक मिळत नाही. पट्टीवरची उभी लाल रेघ दाखवून ते शांतपणे नकार देतात. काही शेजारी यावरून नाराज आहेत, पण मी पूर्णपणे दुकानदारांच्या बाजूने आहे. चिठ्ठीतील वेळांविषयी शंका आली तर ते स्वतःच्या अंदाजाने बदल करत नाहीत, डॉक्टरांना फोन लावून विचारतात.

एक उणीव नोंदवणे आवश्यक वाटते. सायंकाळी ७ नंतर गर्दी असते, तेव्हा काउंटरवरील मदतनीस पाकिटावर पुन्हा त्या तीन रेघाच ओढून देतात. फार्मासिस्ट शेजारीच असतात, परंतु त्यांना थांबवून विचारावे लागते. नवीन अँटिबायोटिक सुरू होणार असेल तर शक्यतो सकाळी ११ ते १ या वेळेत जावे आणि ज्यांना औषध घ्यायचे आहे त्यांनाच बरोबर न्यावे, कारण उठण्या-झोपण्याच्या वेळा ते त्यांनाच विचारतात.