चाळीस हजारांतला पहिला गेमिंग पीसी: एका वायरमनचा हिशेब

मी बदलापुरात घरगुती वायरिंगची कामं करतो. कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नव्हतं. मुलगा दहावी पास झाला आणि गेमिंग पीसीचा धोशा लावला. मी ४०,००० ची हद्द घातली, आणि कल्याणला डिप्लोमा करणाऱ्या भाच्याला फोन लावला. त्याचं पहिलं वाक्य, "मामा, ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमचं चित्र काढणारा वेगळा भाग, आत्ता घ्यायचं नाही."

गेमिंगसाठी घ्यायचं आणि कार्डच नाही? मला काही पटेना. त्याने समजावलं तेव्हा उमगलं की हे आमच्या धंद्यातलंच आहे. आधी मेन वायर जाड टाका, झुंबर पुढच्या दिवाळीला लागतं.

२०२३ च्या दिवाळीआधी आम्ही बापलेक मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय, पण त्या नावाने विचारलं तर कोणी सांगत नाही. ग्रँट रोडला पूर्वेला उतरायचं. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर बंद असतात.

पहिल्या दुकानात आकडा ऐकताच माणसाने तयार पेटी पुढे केली. आत रंगीत दिवे, बाहेर काच, "चार जीबी ग्राफिक्स कार्डवाला सेट, काका." भाचा फोनवर होताच. कार्ड निघालं जीटी ७३०, म्हणजे २०१४ सालचं. आम्ही जो प्रोसेसर घेणार होतो, त्याच्या पोटातलं ग्राफिक्स याच्यापेक्षा दमदार. चार जीबी हा नुसता मेमरीचा आकडा, त्याने ताकद ठरत नाही. मग मी त्या पेटीतला एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, हातात मागून घेतला. स्टिकरवर ४५० वॅट, आणि वजन चपातीच्या रिकाम्या डब्याएवढं. मी रोज ट्रान्सफॉर्मर आणि चोक उचलतो, आत माल किती आहे ते हाताला कळतं. पुढे मोठं कार्ड घेतलं तर लागणारी आठ पिनची वायरसुद्धा त्याला नव्हती. नमस्कार करून निघालो.

दुसऱ्या दुकानात सुटे भाग घेतले. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर ११,४००, सगळे भाग ज्यावर बसतात तो बी४५० चा मदरबोर्ड ५,९००, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम ३,५००, फाइली साठवायची ५०० जीबीची एनव्हीएमई डिस्क २,९००, ५५० वॅटचा ब्रॉन्झ दर्जाचा एसएमपीएस ३,९००, कॅबिनेट २,६००. बावीस इंची, ७५ हर्ट्झचा मॉनिटर ७,०००, कीबोर्ड-माउस ९००. सगळे मिळून ३८,१००, जीएसटी धरून. बिल नको असेल तर थोडं कमी करतो म्हणाला. मी बिलच घेतलं, त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घेतला. प्रोसेसरला तीन वर्षांची वॉरंटी आहे, ती काय तोंडी मागणार?

५६००जी बद्दल दोन शब्द. सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॅट, पंखा खोक्यातच येतो. आतलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी ठेवत नाही, रॅममधूनच उचलतं. म्हणून सोळाची एक पट्टी घेण्यात तोटा. दुकानदार तीच देत होता, "पुढे वाढवता येईल" म्हणून. दोन पट्ट्या म्हणजे टाकीला दोन नळ. घरी आल्यावर भाच्याने बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी चालू करायला लावलं; त्याने रॅम पूर्ण वेगाने चालते. तोवर ३२०० ची रॅम २४०० वरच रांगत होती. आणि एक जपा: बी४५० हा २०१८ चा बोर्ड, प्रोसेसर २०२१ चा. पडून राहिलेल्या मालात जुनं बायोस असेल तर स्क्रीनच येत नाही. आम्ही काउंटरवर जोडून, चालू करून मगच पैसे मोजले.

चाललं कसं? व्हॅलोरंट गेम लोण्यासारखा. जीटीए फाइव्ह १०८० च्या रिझोल्यूशनवर, सेटिंग नॉर्मल ठेवून, सेकंदाला साठ फ्रेमच्या आसपास. सायबरपंक २०७७ मात्र ७२० वर आणून, सगळं लो करूनही तिशीत धापा टाकतो. मुलाने दोन दिवस तोंड पाडलं, मग मित्रांबरोबर व्हॅलोरंटमध्ये रमला.

वर्षभराने आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड घेतलं, आठ जीबीचं. बाकी एक स्क्रूसुद्धा बदलावा लागला नाही. एसएमपीएसला आठ पिनची वायर होतीच. आता सायबरपंक १०८० वर छान चालतो. माझ्या सवयीने क्लॅम्प मीटर लावून पाहिला: आधी गेम चालू असताना मॉनिटरसकट अर्ध्या अँपिअरच्या आसपास, आता एकाच्या थोडा वर. बिलात फरक पडला, पण बायको म्हणते तेवढा नाही.

खोट काढायचीच तर ५६००जी मध्ये आहे. त्याची कार्डाशी बोलायची वाट जुन्या पिढीची, पीसीआयई ३, आणि कॅशे, म्हणजे प्रोसेसरची हाताशी ठेवलेली मेमरी, साध्या ५६०० च्या (पोटात ग्राफिक्स नसलेल्या) निम्मी. कार्ड पहिल्याच दिवशी घ्यायची ऐपत असेल तर ५६००जी घेऊ नका, साधा ५६०० घ्या. आणि ५६००जी ला आरएक्स ६५०० एक्सटी कार्ड तर अजिबात जोडू नका. त्या कार्डाला मुळात चारच लेन आहेत, त्यात जुनी वाट, म्हणजे गल्लीत ट्रक.

एक गोष्ट मात्र मला कोणी सांगितली नाही, आणि ती मलाच कळायला हवी होती. पहिल्याच आठवड्यात मुलगा म्हणाला, "बाबा, डब्याला हात लावला की मुंग्या येतात." टेस्टर लावला, पेटला. मी एसएमपीएसवर संशय घेतला, दुकानदाराला फोन करणार होतो. मग भिंतीवरचा स्विचबोर्ड उघडला. तिसऱ्या पिनला वायरच नव्हती. एसएमपीएसच्या आतला फिल्टर गळतीचा करंट अर्थिंगमध्ये सोडतो. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटवरच व्होल्टेज येतं. वीस वर्षं लोकांच्या घरी अर्थिंग ओढतोय, आणि स्वतःच्या हॉलमधला बोर्ड कोरडा.

त्याच रात्री वायर ओढली. फ्रिजचा बोर्ड अजून तसाच आहे.