आठ महिने, एक छोटा ओव्हन आणि पेरूचं सुफ्ले

मागच्या दिवाळीच्या आठ दिवस आधी मी 10 लिटरचा ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, आणि 150 मिलिलिटरच्या चार सिरॅमिकच्या वाट्या मागवल्या. पार्सल वरूडपर्यंत आलं, तिथून गावापर्यंत ते मीच भाऊजींच्या मोटारसायकलवर मागे बसून मांडीवर आणलं. आता जून लागतोय. मधल्या काळात त्यात नानकटाई झाली, पाव झाला, एकदा रोडगेही भाजून पाहिले. (गोवऱ्यांवरच्या रोडग्याची चव नाही. तो विषय तिथंच संपला.) पण ओव्हन घेतला होता सुफ्लेसाठी, म्हणून लिहिते तेही मुख्यतः त्याबद्दलच.

ज्यांनी खाल्लं नसेल त्यांच्यासाठी: फळाचा घट्ट आटवलेला गर, फेटून फुलवलेला अंड्याचा पांढरा बलक आणि थोडी साखर. मी करते त्यात मैदा नाही, दूध नाही. माणशी एक वाटी. नाव फ्रेंच आहे, अर्थ फुंकून फुगवलेलं. आमच्या घरी मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, शुगर आहे आणि गोड म्हटलं की शिरा नाहीतर पुरण, दुसरं काही नाही. या एका वाटीत साखर साधारण 10 ग्रॅम जाते. मामाजींना तरीही अर्धीच वाटी मिळते, पण शिऱ्याच्या वेळी जी भांडणं व्हायची ती थांबली.

ओव्हनच्या आधी मी हे कुकरमध्ये करून पाहिलं होतं. शिट्टी आणि रिंग काढून, तळाला मीठ पसरून, केक करतात तसं. केक होतो, सुफ्ले होत नाही. वरून आच नसते आणि झाकणाला जमलेली वाफ थेंब-थेंब वाटीत पडते. वरचा पापुद्रा ओलाच राहतो आणि त्याच्या वजनाने खालचा फेस दबतो.

ओव्हन आल्यावर पहिली तीन सुफ्ले बसली. फुगलीच नाहीत. मी दोष फेटण्याला दिला, मग अंड्यांना, मग मोबाईलवर दाखवणाऱ्या बाईला. खरं कारण लाईट होतं. संध्याकाळी सहा-सातला गावभर टीव्ही, मोटारी, पाणी गरम करायचे रॉड एकदम चालू होतात. शंका आली म्हणून प्लगमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर आणला, तर आकडा 180. माझा ओव्हन 800 वॅटचा आहे, पण तो 230 व्होल्टला. व्होल्टेज घसरलं की हीटरची ताकद त्याच्या वर्गाच्या हिशोबाने घसरते. 180 ला तो जेमतेम 490 वॅटचा उरतो. म्हणजे कागदावर 800 चा ओव्हन संध्याकाळी अर्ध्याच्या थोडा वर चालतो. पावाला हे चालून जातं, दहा मिनिटं जास्त ठेवा. सुफ्लेला चालत नाही. आतली हवा तापून फुगायला हवी, पाण्याची वाफ व्हायला हवी, आणि ते सगळं वर चढलेलं असतानाच अंड्यातलं प्रथिन आवळून घट्ट व्हायला हवं. आच मंद असेल तर फेस आधीच पाणी सोडतो.

मग मी वेळ बदलली. पहाटे साडेपाचला तोच मीटर 225 दाखवतो. तेव्हापासून आमच्याकडे सुफ्ले पहाटेच होतं. लोकांना विचित्र वाटतं, पण वावरात जाण्याआधी चहाबरोबर एक गरम वाटी कोणी नाकारलेली नाही.

थर्मोस्टॅटचंही सांगून टाकते. ओव्हनमध्ये ठेवायचा वेगळा थर्मामीटर घ्याच. माझ्या बटणावर 200 लावलं की आत 180 च्या आसपास असतं, तेही चांगल्या लाईटवर. मला सुफ्लेला 190 लागतं, म्हणून मी काटा 210 वर ठेवते. आधी पंधरा मिनिटं रिकामा तापवायचा, मग चौदा मिनिटं भाजायचं. एका घाण्याला साधारण अर्धा युनिटसुद्धा पूर्ण जात नाही, त्यामुळे बिलाचं भ्या नाही.

आता फळांचं. मी संत्र्याच्या मुलखातली. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आमच्या बांधावर संत्र्याचीच झाडं, आंबिया बहाराची तोड दिवाळीच्या सुमारास चालू. संत्र्याचंच सुफ्ले करायचं हे मी ओव्हन यायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. रस काढला, कढईत आटवला, थंड केला आणि चाखला तर कडू. बिया दाबल्या गेल्या असतील म्हणून दुसऱ्यांदा एकेक फोड सोलून, बिया काढून रस केला. पुन्हा कडूच, थोडं कमी. नंतर कळलं की दोष माझा नव्हता. संत्र्याच्या रसात लिमोनिन नावाचा पदार्थ रस काढल्यावर हळूहळू तयार होतो, तापवलं की लवकर होतो. ताजा रस गोड आणि तासाभराने कडू, हे रसाचा धंदा करणाऱ्यांचं जुनं दुखणं आहे. 

सीताफळानेही तेच केलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात घरात टोपलीभर पडलेली होती. कच्चा गर अमृत, आटवला की कडसर. रबडीत सीताफळ आच बंद करून, गार झाल्यावर का घालतात ते तेव्हा उमगलं. विदर्भाची दोन मानाची फळं, दोन्ही आचेपुढे हरली.

जिंकला तो पेरू. परसातला, ज्याला कोणी विचारत नाही, पोट्टे दगड मारून पाडतात तो. पेरूत पेक्टिन भरपूर, म्हणून गर आटवला की चिकट, घट्ट होतो आणि फेसाला आतून धरून ठेवतो. दोन मध्यम पिकलेले पेरू थोड्या पाण्यात शिजवायचे, पिठाच्या चाळणीतून गाळून बिया काढायच्या, आणि कढईत चमचा ओढला की तळाला रेघ राहील इतकं आटवायचं. अर्धी वाटी गर उरला पाहिजे. पातळ राहिला तर पुढचं सगळं वाया. संत्रा मी आता फक्त सालीपुरता वापरते. पण साल किसायची ती फळ न सोलता. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, सोलल्यावर किसणीवर नुसती गोळा होते. नारिंगी भागच किसायचा, पांढरा नाही. पेरूच्या गरात एवढी चिमूटभर साल पडली की वास असा येतो की शेजारच्या वहिनी विचारतात, आज काय.

उन्हाळ्यात आंबा. गावरान आंब्याचा रस गाळून, आटवून. पेरूइतकं उंच फुगत नाही, पण रंग सुरेख. पपई आणि अननस कच्चे घालू नका, त्यांच्यातली एन्झाइम अंड्याचं प्रथिन फोडतात. आधी उकळून घ्या. मी पपई एकदाच केली, पुन्हा करावीशी वाटली नाही.

अंडी: कृतीत दोन पांढरे बलक लिहिलेले असतात ते फार्मच्या अंड्यांचे. आमच्या गावरान कोंबड्यांची अंडी लहान, मी तीन घेते. गार असताना फोडली तर पिवळा नीट वेगळा होतो, फेटायची मात्र साध्या तापमानाला आल्यावर. पिवळ्याचा एक ठिपका किंवा भांड्याला तेलाचा हात असला की फेस होत नाही. म्हणून प्लॅस्टिक नको. स्टीलचं पातेलं लिंबाच्या सालीने पुसून घ्यायचं. फ्रान्सात म्हणे तांब्याच्या भांड्यात फेटतात, त्याने फेस टिकतो. मी घरातलं घंगाळ मागून पाहिलं. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, माझ्याकडे असं पाहिलं की विषय तिथंच थांबला. आंघोळीच्या भांड्यात अंडी! रवीने फेस येत नाही, तारेचा व्हिस्क घ्या. हाताने आठ मिनिटं लागतात. साखर तीन मोठे चमचे, थोडी-थोडी करून, फेस पांढरा झाल्यावर. मग गरात आधी थोडा फेस मिसळून गर सैल करायचा आणि उरलेला हलक्या हाताने खालून वर. वाटीला लोणी लावताना बोटं तळापासून वर ओढायची आणि वरून साखर भुरभुरायची, फेस त्या खरखरीतपणाला धरून चढतो. उरलेल्या पिवळ्या बलकांची भुर्जी.

आई अंडं खात नाहीत. पण पहिल्यांदा नीट फुगलेली वाटी बाहेर काढली तेव्हा त्या शेजारीच उभ्या होत्या. तीन-चार मिनिटांत ती खाली बसली, ती बसतेच, आतली हवा गार होते. "अवं, हे तं फुगलं अन् बसलं बी! पोट्ट्याच्या रागावानी." त्यांच्यासाठी मी काबुली चणे शिजवलेल्या पाण्याचा फेस करून पाहिला. फेस झकास येतो, अगदी अंड्यासारखा, पण ओव्हनमध्ये वितळतो, कारण तो आचेने आवळत नाही. दोनदा केलं, सोडलं. आता त्यांची वेगळी वाटी असते: अर्धा पेरू, मधला गर काढून त्यात गूळ, तूप आणि चारोळी, पंचवीस मिनिटं. खरं सांगू, कधीकधी मला तीच जास्त आवडते.

ओव्हनच्या तक्रारी आहेत. आत दिवा नाही, सुफ्लेला दार उघडून पाहता येत नाही, म्हणून टॉर्च काचेला लावून बघावं लागतं. वरचा रॉड फार जवळ आहे. सर्वांत खालच्या खाचेत जाळी लावली आणि शेवटची सहा मिनिटं फक्त खालचा रॉड ठेवला की वरून करपत नाही. पहिल्या आठवड्यात दाराच्या दांड्याला हात लावला की झिणझिण्या येत. कंपनीच्या नंबरवर तीनदा फोन केला, दरवेळी नवीन तक्रार क्रमांक, माणूस काही आला नाही. शेवटी गावातल्या वायरमनने पाहिलं: आमच्या त्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं. जुन्या घरात घेणार असाल तर हे आधी करा, मग ओव्हन.

वाट्यांपैकी एक जानेवारीत गेली. गरम होती, मी ओल्या ओट्यावर ठेवली, टक् आवाज आला आणि उभी चीर. तेव्हापासून चौथं सुफ्ले स्टीलच्या वाटीत होतं. ते कडेने लवकर घट्ट होतं आणि दोन मिनिटं आधी काढावं लागतं, म्हणून ती वाटी दाराजवळ ठेवते. पण तेवढ्यासाठी दार उघडलं की बाकीच्या तिघी दबतात, तेव्हा आता चारही बाराव्या मिनिटालाच बाहेर येतात आणि सिरॅमिकवाली मधून थोडी ओलसर राहतात. पोरीला तशीच आवडतात. मामाजी म्हणतात, कच्चं आहे. नवीन वाट्या मागवल्यात, या वेळी सहा.