टीएमबी की वाल माइरा? आल्प्समध्ये गाइडसोबत जाणार असाल तर

आल्प्समध्ये गाइड घेऊन गावागावांतून चालत जायचं असं ठरलं की सगळ्यात आधी टूर दु माँ ब्लाँचं, म्हणजे टीएमबीचं नाव निघतं. फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड असे तीन देश, साधारण १७० किलोमीटरची फेरी, मधोमध सतत माँ ब्लाँचा तो पांढरा डोंगर. दुसरं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, ते म्हणजे इटलीतल्या पिएमाँतमधली वाल माइरा, कुनेओच्या वरच्या अंगाची दरी. तिथे पेरकोर्सी ओच्चितानी नावाची वाट आहे, दरीतल्या जुन्या गावांना जोडत फिरते, आणि गाइडेड ग्रुप तिचा आठवडाभराचा तुकडा करतात. मी दोन्ही केलंय, दोन्ही वेळा गाइडसोबत. गेल्या काही महिन्यांत ट्रेकवाल्या मित्रांपैकी बरेच जण विचारतायत की कुठलं करू, म्हणून एकदाच नीट लिहितो.

नजाऱ्याचं आधी बोलू, कारण तिथे वाद नाही. टीएमबीवर बोनात्ती रेफ्युजच्या, म्हणजे डोंगरातल्या मुक्कामाच्या घराच्या, अंगणात बसलात की समोर ग्रांद जोरासची अख्खी भिंत उभी असते, हिमनद्या हाताच्या अंतरावर वाटतात, असं वाल माइरात काही नाही. १७६७ मध्ये सोस्यूर नावाच्या जिनिव्हाच्या शास्त्रज्ञाने या डोंगराला फेरी मारली आणि तेव्हापासून लोक मारतायत, त्याला कारण आहे. वाल माइरात मोंविझो दिसतो, ३८४१ मीटर, पण लांबून आणि हवा साफ असेल तर. शेवटच्या क्याप्पेरा गावावर रोक्का प्रोवेन्झालेचा सुळका असा उभा आहे की आपल्या सुळके चढणाऱ्या मंडळींचे हात शिवशिवतील. तरी बर्फाचे मोठे डोंगर जवळून बघायचे हीच तुमची इच्छा असेल आणि युरोपात परत येणं जमेल की नाही याची खात्री नसेल, तर टीएमबी करा, मी अडवणार नाही.

आता गाइडची गरज. टीएमबीवर वाट चुकणं अवघड आहे, खुणा जागोजागी आणि सीझनमध्ये पुढे-मागे माणसं असतातच. गाइड चांगला असेल तर फुलं, हिमनद्यांचा इतिहास वगैरे सांगतो आणि हवामानाचा निर्णय घेतो, हे महत्त्वाचं आहेच, पण वाट दाखवायला म्हणून तो लागत नाही. वाल माइरात गाइडचे पैसे वसूल होतात असं मला वाटलं. खानावळवाल्या आजींना इटालियन आणि ओच्चितान ही तिथली जुनी बोली येते, जर्मन पाहुणे बरेच येतात म्हणून थोडं जर्मन येतं, इंग्रजी जेमतेम. स्त्रोप्पोच्या वर कड्यावर सान पेयरे नावाचं छोटं चर्च आहे, आत जुनी भित्तिचित्रं, आम्ही गेलो तेव्हा कुलूप होतं. गाइडने खालच्या वाडीत एका घराचं दार वाजवलं, बाईंनी पीठ लागलेले हात ॲप्रनला पुसले, तळहाताएवढी लोखंडी किल्ली काढून दिली आणि जाताना परत आणून द्या एवढंच सांगितलं. एकट्याने गेलो असतो तर चर्चला बाहेरून फेरी मारून निघालो असतो.

एल्वा गावाचं पण तसंच. हान्स क्लेमरने रंगवलेलं चर्च तिथे आहे, ते बघाच, पण त्याच गावात केसांचं म्युझियम आहे. इथले लोक हिवाळ्यात सपाटीवर उतरून गावोगावच्या बायकांचे केस विकत घ्यायचे, साफ करून, लांबीप्रमाणे लावून विगवाल्यांना विकायचे, माल पार पॅरिस-लंडनपर्यंत जायचा. शेजारच्या चेल्ले दि माक्राचे लोक खारवलेले अँचोवी मासे गाड्यावर घालून विकत हिंडायचे. डोंगरावरच्या गावात माशांचा धंदा, कारण वरच्या शेतीत हिवाळा निघत नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर माणसं तोरिनोच्या आणि कुनेओच्या कारखान्यांत गेली आणि घरं ओस पडली. दगडी छपरांच्या अर्ध्या पडक्या वाड्यांतून चालताना हे सगळं ऐकत जाणं यात जे आहे ते मला टीएमबीवर मिळालं नाही, तिथे सगळे डोंगराकडे बघत असतात, आणि साहजिक आहे.

पण माझा निर्णय यावर झाला नाही. झाला तो बेडवर.

टीएमबीवर रेफ्युजचे बेड कित्येक महिने आधी बुक होतात. ग्रुपसोबत गेलात तर ते काम ऑपरेटर करतो, तुम्हाला त्रास नाही, असं वाटतं. त्रास तिथे गेल्यावर कळतो. आम्ही इटलीच्या बाजूच्या वाल फेरेमध्ये होतो, दुसऱ्या दिवशी ग्राँ कोल फेरे ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये ला फुलीला उतरायचं. २५३७ मीटरची खिंड, तिथून मागे अख्खी दरी दिसते, आदल्या संध्याकाळी गाइड नकाशावर बोट ठेवून हौसेने सांगत होता. आणि हवामानाचा अंदाज आला, उद्या दुपारपासून वीज-वादळ, परवा लख्ख ऊन. साध्या बुद्धीने काय कराल, एक दिवस थांबाल. पण थांबायला जागाच नाही, रेफ्युज फुल, ला फुलीचा बेड उद्याचाच, त्यापुढचा बेड त्याच्या पुढच्या दिवसाचा, सगळी साखळी. गाइडने बरोबर केलं, अंधारात निघालो, वीज सुरू व्हायच्या आत खिंड ओलांडली. वर धुकं इतकं की पुढच्या माणसाची फक्त सॅक दिसत होती. खिंडीत कुणी थांबलं नाही, खाली उतरलो. आणि दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे ऊन, आम्ही तेव्हा शाँपेच्या दिशेने खाली झाडीतून चालत होतो.

यात चूक कुणाचीच नाही, त्या वाटेची रचनाच तशी आहे. कोल दु बोनोम, कोल द ला सेन्य, ग्राँ कोल फेरे, दरी बदलायची तर खिंड ओलांडायची किंवा गाडीने वळसा घालायचा. इतक्या लांबून, रजा जमवून, व्हिसा काढून गेल्यावर तिथल्या सगळ्यात सुंदर दिवशी घड्याळाकडे बघत चालायचं हे मला फार लागलं, अजून लागतं.

वाल माइरातही मुक्काम ठरलेलेच असतात, हे प्रामाणिकपणे सांगतो. फरक असा की तिथे दोन गावांमध्ये बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त वाटा असतात. वरून धारेची वाट, मधून वाड्यावाड्यांतून जाणारी दगड बसवलेली जुनी खेचरवाट, आपल्या घाटवाटांसारखीच, माल वाहणाऱ्यांच्या पायांनी गुळगुळीत झालेली. एल्वाहून निघताना धारेवर ढग बसले होते. गाइडने कॉफी पिता पिता खिडकीतून बघितलं, म्हणाला आज वर काही दिसणार नाही, मधल्या वाटेने जाऊ. सामान व्हॅनने पुढे गेलं, आम्ही पावसात लार्चच्या झाडीतून चाललो, एका वाडीत छपराखाली चीज-पाव खाल्ला, संध्याकाळी ठरलेल्या खानावळीत ठरलेल्या खोलीत. धारेची वाट आम्ही दोन दिवसांनी दुसऱ्या टोकाने चढलो आणि मोंविझो तेव्हा पूर्ण उघडा होता.

टीएमबीची हॉटेलवाली आवृत्ती पण मिळते, कुरमायर, शाँपे अशा गावांत राहायचं आणि मध्ये बस-गाडी. तिच्यात बेडचा जाच थोडा कमी होत असावा, मी केलेली नाही. खिंडी मात्र त्याच.

बाकीचं भराभर सांगतो. शाकाहारी असाल तर दोन्हीकडे बुकिंगच्या वेळीच कळवा. वाल माइरात न्योक्की, पोलेंता, चीज यावर मजेत भागतं, पण अँचोवी कुठल्याही सॉसमध्ये लपलेली असते, बान्या काउदा हा तिथला गरम सॉस तर तिच्यावरच उभा आहे, म्हणून मांस नको एवढं सांगून भागत नाही, मासेही नको असं स्पष्ट सांगा. कॅश जवळ ठेवा, बऱ्याच गावांत एटीएम सोडा, दुकान पण नाही. नेटवर्क जातं-येतं. तोरिनोहून ट्रेनने कुनेओ आणि पुढे बसने दरीच्या तोंडाशी द्रोनेरोपर्यंत सोपं आहे, वर बस मोजक्याच, ग्रुपची गाडी असेल तर प्रश्न मिटला.

सगळ्यात मोठी अडचण अशी की वाल माइराचे बरेच ग्रुप जर्मन बोलणारे असतात, इंग्रजी गाइडची तारीख शोधावी लागते आणि ती तुमच्या रजेत बसेलच असं नाही. टीएमबीला तारखाच तारखा. उलट सीझनचं गणित वाल माइराच्या बाजूने आहे. टीएमबीच्या खिंडींत जूनअखेरपर्यंत बर्फ राहू शकतो आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात रेफ्युज बंद व्हायला लागतात. वाल माइराच्या खालच्या वाटा त्याच्या आधी आणि नंतरही चालता येतात, दसऱ्याला जोडून रजा मिळणाऱ्यांनी खानावळी चालू आहेत का एवढं विचारून ऑक्टोबरचा पहिला आठवडा बघावा, लार्च तेव्हा पिवळे पडायला लागतात.

व्हिसाचा पण एक मुद्दा आहे. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीच्या आत करता येतो, त्याहून आधी नाही. जुलैचं टीएमबी म्हणजे बेडचे पैसे आदल्या हिवाळ्यात भरायचे आणि व्हिसा नंतर कळणार. त्यामुळे व्हिसा नाकारला तर किती पैसे परत मिळतील हे ऑपरेटरकडून लेखी घ्या. इन्शुरन्समध्ये ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर व्हिसासाठी लागतंच, डोंगरातलं रेस्क्यू त्यात धरलंय का ते वेगळं तपासा.

गुडघे कुरकुरत असतील, सोबत आई-बाबा असतील किंवा रोज संध्याकाळी स्वतःची खोली आणि गरम पाणी हवं असेल तर माझ्या मते विचारच करू नका, वाल माइरा. पंचविशीतले चार मित्र असाल आणि तीन देश पायी केले हे सांगायचंय, तर टीएमबी, शक्यतो सप्टेंबरच्या सुरुवातीला. आणि ज्यांना खरंच ठरवता येत नाहीये त्यांनी दोन्ही ऑपरेटरना एकच मेल टाका, की अमुक टप्प्याच्या दिवशी वादळ असेल तर तुम्ही नक्की काय करता, कुठली वाट घेता, रात्री कुठे झोपवता. मला वाल माइरावाल्यांकडून उत्तरात त्या दिवसाच्या दोन पर्यायी वाटा गावांच्या नावांसकट आल्या होत्या आणि मी त्याच संध्याकाळी ॲडव्हान्स भरला.