‘पसारा न होणारं’ बेडिंग म्हणून ९२ पौंड ९० पेन्सना घोड्यांचा भुसा विकला

इंग्लंडमध्ये राहून कासव पाळणाऱ्या आपल्या लोकांसाठी लिहितेय. राग अजून उतरलेला नाही आणि लाजही वाटतेय, पण आणखी कुणाच्या कासवाचे डोळे सुजण्यापेक्षा मी चारचौघांत सांगितलेलं बरं.

आमचा बंड्या हर्मन जातीचा. त्याला घेताना मी आर्टिकल १० चं सर्टिफिकेट (संरक्षित जातीचा प्राणी कायदेशीरपणे विकण्याचा परवाना) पाहिलं, मायक्रोचिपचा नंबर जुळवला, मगच पैसे दिले. तेव्हा मला कुणी बावळट समजू नये. अडचण पसाऱ्याची होती. आम्ही रेडिंगला भाड्याच्या फ्लॅटमध्ये, खाली फिकट कार्पेट, डिपॉझिट घरमालकाकडे अडकलेलं. आणि बंड्या माती उकरणार, पाण्याच्या ताटलीत चिखल करणार, उरलेली त्याच्या टेबलाच्या, म्हणजे वरून उघड्या पेटीच्या, कडेवरून बाहेर उडवणार. अशात पेटीत अंथरायच्या बेडिंगची ती जाहिरात दिसली: कासवांसाठी खास बीच लाकडाचे चिप्स, धूळ नाही, चिकटत नाहीत, वास नाही. पोतं ३२ पौंड. तीन पोत्यांचे ९६. बँक ट्रान्सफर केला तर दहा टक्के सूट, म्हणजे ८६.४०, वर डिलिव्हरीचे ६.५०.

ट्रान्सफर का मागतात हे मलाही कळतं, ते पैसे सहज परत मिळत नाहीत. पण विक्रेत्याच्या पानावर गिऱ्हाइकांचे ढीगभर फोटो होते आणि माल खरंच घरी आला. एकदा माल दारात आला की माणूस निर्धास्त होतो, आणि त्यांचा डाव तिथेच असतो.

आता जे मला छळतं ते सांगते. पोत्यावरचं कासवाचं लेबल म्हणजे वरून चिकटवलेला कागद होता. उजवा कोपरा सुटलेला, आणि त्याखाली छापील घोड्याचा खूर. तो मी पाहिला. अंगठ्याने कोपरा दाबून परत चिकटवलासुद्धा! इथले छोटे विक्रेते जुनी पोती परत वापरतात, त्याचं कौतुकही होतं, म्हणून शंका आली नाही. पोतं फोडल्यावर नव्या कपाटासारखा राळेचा वास आला, तोही ‘ताजं लाकूड असेल’ म्हणून सोडून दिला. बीचला असा वास नसतो. तो पाइनचा भुसा होता, तबेल्यात अंथरतात तो. गावाबाहेरच्या शेतीसामानाच्या दुकानात याहून मोठा गठ्ठा ११ पौंडांना मिळतो.

बंड्याचे डोळे सुजले, नाकातून फुगे यायला लागले, खाणं सुटलं. व्हेटचे ६४ पौंड, डोळ्यांच्या थेंबांचे १८.७५. तिने चिमूटभर भुसा हुंगला आणि लगेच सांगितलं, पाइन आणि सीडर कासवाजवळ आणायचंच नाही, त्यातल्या तेलांनी डोळे आणि श्वासनलिका चुरचुरते. वर म्हणाली, खरे बीच चिप्स असते तरी नकोच. ते ओल धरत नाहीत, त्यांत कासवाला पुरून घेता येत नाही, गिळले तर आतड्यात अडकतात, आणि सततच्या कोरड्या हवेत लहान कासवांच्या पाठीला उंचवटे येतात.

विक्रेत्याला २०१५ च्या ग्राहक कायद्यातला ३० दिवसांत माल परत करण्याचा हक्क दाखवला. ‘उघडलेलं पोतं घेत नाही’ म्हणाला आणि ब्लॉक केलं. बँक म्हणाली, माल मिळालाय ना, मग हा तुमच्या दोघांतला वाद. फसवून ट्रान्सफर करायला लावलं तर बँकेने पैसे परत द्यायचे, हा ऑक्टोबर २०२४ पासूनचा भरपाईचा नियम मी काढला, तर म्हणे त्यातही पहिले १०० पौंड आम्ही कापू शकतो. माझे ९२.९०! म्हणजे छोट्या माणसाची छोटी फसवणूक ही फसवणूकच नाही? ग्राहक हेल्पलाइनने तक्रार कौन्सिलकडे सरकवली, कौन्सिलने कळवलं की एकेकट्याच्या तक्रारीवर आम्ही कारवाई करत नाही. पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार केली, एक लांबलचक नंबर आला, पुढे काही नाही. फोनवरची एक बाई तर ‘कासवाचं बेडिंग?’ असं विचारून हसली. आजारी जनावर घरात असताना असं हसणं फार लागतं.

कार्डानेच पैसे द्या. सूट गेली खड्ड्यात. पोत्यावर लाकडाची जात आणि विक्रेत्याचा पत्ता नसेल तर पोतं फोडू नका, आधी फोटो काढा. अजिबात पसारा न होणारं आणि तरीही कासवाला मानवणारं बेडिंग असं काही नसतं. आम्ही आता खत आणि परलाइट (कुंड्यांच्या मातीतले पांढरे हलके दाणे) नसलेली टॉपसॉइल, म्हणजे साधी बागेची माती, घेतो, त्यात मुलांच्या खेळायची वाळू, साधारण ६०:४०. खालचा थर ओलसर, वरचा कोरडा. काथ्याच्या भुश्याच्या विटाही चालतात, पण मीठ निघेपर्यंत धुतलेल्या आहेत का ते बघा. सोडणं खाऱ्या पाण्यात मुरवतात हे कोकणातल्यांना सांगायला नको. पसारा कमी झाला तो टेबलाची कड उंच केल्यामुळे आणि खाणं पाटीच्या सपाट दगडावर द्यायला लागल्यापासून. त्यावर चोचही झिजते.

महाराष्ट्रातल्यांनी हे वाचून बाजारातलं स्टार कासव घरी आणू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे, बेडिंग कुठलंही घाला.

तो माणूस नाव बदलून अजून विकतोय. भाव आता ३४ पौंड आहे. फोटोत तेच पोतं, लेबल तसंच तिरकं.