८×४२ की १०×४२? मराठवाड्याच्या धुळीत आणि उन्हात टिकणारी दुर्बीण निवडताना

दुर्बीण घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती लांबचं दिसतं?" मराठवाड्यात पक्षी बघत फिरणाऱ्याने त्याआधी दुसरं विचारावं: काळ्या मातीची धूळ, एप्रिल-मेचं ऊन आणि गळ्यात अडकवलेली असताना अचानक गाठणारा पाऊस, हे सगळं ही वस्तू किती वर्षं सोसेल? लांबचं तर बहुतेक सगळ्याच दुर्बिणी दाखवतात. तीन पावसाळ्यांनंतरही स्वच्छ दाखवणाऱ्या मात्र थोड्या.

आधी आकड्यांचं बघू. ८×४२ म्हणजे आठ पट जवळ, आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिमी. ४२ ला ८ ने भागलं की ५.२५ येतात; डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत तेवढ्या मिलिमीटरचा. १०×४२ मध्ये तो ४.२ मिमी होतो. भर दुपारी आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिमीच उघडलेली असते, त्यामुळे तेव्हा दोन्हींत फरक कळत नाही. कळतो तो झुंजूमुंजू असताना, किंवा गौताळा अभयारण्याच्या दाट झाडीत पावसाळ्यातला नवरंग पक्षी पालापाचोळ्यात शोधताना. तिथे ८×४२ उजळ वाटते.

नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, उभं राहिलं की १०× ची ओढ वाटते, आणि ते साहजिक आहे. पाणी अफाट पसरलेलं, रोहित पक्ष्यांचा थवा दूर उथळ पाण्यात, पट्टकदंब त्याहून पलीकडे. हिवाळ्यात, सकाळच्या शांत हवेत, १०× खरंच जास्त दाखवते. भोवत्या या शिकारी पक्ष्याच्या दोन जातींच्या माद्या उडताना वेगळ्या ओळखायच्या असतील तर ते जास्तीचं मोठेपण उपयोगी पडतं. पण फेब्रुवारी सरला की दहाच्या सुमारास माळ आणि पाणी दोन्ही तापतात, हवा थरथरायला लागते. दुर्बीण पक्षी मोठा करते तशी ही थरथरही मोठी करते. त्यात धरणाच्या भिंतीवरचा वारा आणि हाताचा कंप. आपल्याकडच्या उन्हाळ्यात १०× चा फायदा दिवसातले फार थोडे तास मिळतो.

शिवाय दिसण्याचा आवाका. निकॉनच्या मॉनार्क एम ५ मध्ये ८×४२ ला १००० मीटरवर ११२ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, १०×४२ ला ९८. ऐकायला फरक किरकोळ वाटेल. पण पायाजवळून उठून तिरका पळणारा लावा किंवा ढेकळांच्या रंगात मिसळून गेलेला धाविक पकडायचा असेल तर तोच कामी येतो. नवख्या माणसाला पक्षी 'सापडतच नाही' असं वाटतं, त्यामागे बहुधा हा अरुंद आवाका असतो. म्हणून एकच दुर्बीण घ्यायची असेल तर माझं मत सरळ ८×४२ ला. घरात एक ८× आधीच आहे आणि हिवाळ्यात मुख्यतः जलाशयांवरच जाणं होतं, त्यांनी खुशाल १०×४२ घ्यावी.

आता टिकाऊपणा. इथे भिंगांपेक्षा घडणीचा प्रश्न मोठा आहे.

दुर्बिणीच्या आत लोलक (प्रिझम) असतात, आणि त्यांच्या मांडणीवरून पोरो आणि रूफ असे दोन प्रकार पडतात. पोरो लोलकांची दुर्बीण दिसायला रुंद असते: पुढची भिंगं एकमेकांपासून लांब, डोळ्याकडची जवळ. रूफ लोलकांच्या दुर्बिणीला दोन सरळ नळ्या. पोरो बनवायला सोपी, त्यामुळे कमी पैशात चित्र छान देते. त्याच किमतीची स्वस्त रूफ तिच्यापुढे अनेकदा धूसर वाटते. पण बहुतेक पोरोंमध्ये फोकसचं चाक फिरवलं की डोळ्याकडची भिंगं धरणारा अख्खा पूल मागेपुढे सरकतो. प्रत्येक वेळी आत थोडी हवा ओढली जाते, हवेबरोबर धूळ. कापसाच्या शेतामधून जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर पुढे ट्रॅक्टर असेल तर ती धूळ काय असते, हे इथे वेगळं सांगायला नको. काही महिन्यांनी चाक फिरवताना बोटाला बारीक करकर जाणवते. पावसाळ्यात आत दमट हवा गेली की भिंगावर बुरशीचं जाळं धरतं, आणि ते काढायला दुर्बीण खोलावी लागते.

चांगल्या रूफमध्ये फोकससाठी आतलं भिंग सरकतं, बाहेरून काहीच हलत नाही. नळ्या सीलबंद, आत नायट्रोजन. त्यामुळे ना धूळ शिरते ना आतून वाफ धरते. पडण्याच्या बाबतीतही तेच. पोरो आपटली की लोलक जागचे हलून एकाच्या जागी दोन प्रतिमा दिसण्याची भीती जास्त. रूफलाही हे होतं, पण एवढ्या सहज नाही.

एकाच कंपनीच्या तीन दुर्बिणी शेजारी ठेवल्या की हिशेब स्पष्ट होतो. निकॉन अ‍ॅक्युलॉन ए २११, ८×४२: पोरो, तिघींत स्वस्त, आवाका तब्बल ८ अंश, वजन ७५५ ग्रॅम, पण जलरोधक नाही. प्रोस्टाफ पी ३, ८×४२: रूफ, जलरोधक, नायट्रोजन भरलेला, आवाका ७.२ अंश, वजन फक्त ५६५ ग्रॅम. मॉनार्क एम ५, ८×४२: रूफ, जलरोधक, ईडी काच, ६३० ग्रॅम, किंमत पी ३ च्या साधारण दुप्पट. ईडी काचेचा फायदा पांढऱ्या आकाशासमोर बसलेल्या कापशी घारीवर दिसतो. साध्या काचेत पंखांच्या कडेला जांभळट झालर येते, इथे ती बरीच कमी होते. सुंदर दिसतं, यात शंका नाही. पण बजेट ताणून एम ५ घेण्यापेक्षा पी ३ घ्यावी आणि उरलेल्या पैशात एडशीच्या, नायगावच्या अभयारण्यात दोन हिवाळे जाऊन यावं, असं मी नव्या माणसाला सांगतो. अ‍ॅक्युलॉन वाईट नाही. घराच्या गच्चीवरून, सलीम अली सरोवराच्या काठावरून, शाळेच्या मुलांना दाखवायला ती छान. रोज मोटरसायकलवर बांधून नेण्याची ती वस्तू नव्हे.

चष्मा असेल तर निवड आणखी सोपी होते. डोळा भिंगापासून किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं, त्याला आय रिलीफ म्हणतात. चष्मेवाल्याला किमान १५-१६ मिमी हवा. अ‍ॅक्युलॉनच्या या मॉडेलला तो १२ मिमी आहे, म्हणजे चष्म्यातून चित्राच्या कडा कापल्या जाणार. पी ३ ला २०.२. जवळचा फोकसही बघा: अ‍ॅक्युलॉनला ५ मीटर, पी ३ ला ३, एम ५ ला २.५. बांधावरच्या बोरीत नाचणारा शिंपी पक्षी पाच मीटरच्या आतच असतो.

८×३२ हलकी, प्रवासाला बरी, उजेड मात्र कमी. १०×५० जड. आणि ऑनलाइन दिसणाऱ्या लाल भिंगांच्या, '३०×६०' किंवा झूम लिहिलेल्या स्वस्त दुर्बिणी टाळाच. लाल कोटिंग लाल प्रकाश परत फेकतं, त्यामुळे पक्ष्याचे रंगच हिरवट दिसतात. रंगांवरून जात ओळखायची आणि रंगच खोटे, मग उपयोग काय?

कोणतीही घेतलीत तरी दुकानाच्या बाहेर येऊन पारखा. दूरच्या विजेच्या तारेवर फोकस करा आणि दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू दहा-पंधरा सेंटिमीटर मागे न्या. तार दोन्ही बाजूंना एकाच पातळीत राहिली पाहिजे. मग दुर्बीण हातभर लांब आकाशाकडे धरून डोळ्याकडच्या भिंगातला उजेडाचा ठिपका बघा: तो गोल हवा, कडा चौकोनी कापलेल्या नकोत. मोठ्या भिंगाकडून आत टॉर्च मारली की धूळ, ठसे, बुरशी सगळं कळतं. चाक दोन्ही दिशांना सारखं फिरायला हवं, मध्ये मोकळं लटपटणारं नको.

घरी आल्यावर भिंग कधीही कोरडं पुसू नका. धुळीतले वाळूचे कण कोटिंगवर ओरखडे काढतात. आधी रबरी फुग्याने हवा मारायची, मग मऊ ब्रश, शेवटी कापड. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, सील आणि आतलं ग्रीस दोन्हींना ती भट्टी सोसत नाही. सोबत आलेला बारीक पट्टा काढून रुंद पट्टा किंवा दोन्ही खांद्यांवरून येणारा हार्नेस लावा, म्हणजे सहाशे ग्रॅमचं वजन दुपारपर्यंत मानेला जाणवत नाही.