पिनबोर्ड: एका दुव्यामागची माणसं

पिनबोर्ड ही वेबपानांचे दुवे इंटरनेटवर जपून ठेवण्याची, पैसे भरून वापरायची सेवा आहे. तिथे ठेवलेल्या दुव्याशेजारी बारीक अक्षरात एक आकडा दिसतो. तेच पान आणखी किती जणांनी ठेवलंय, ते तो सांगतो. वर्षाला २२ डॉलर भरायचे की नाहीत, हे या आकड्याचा तुम्हाला किती उपयोग आहे त्यावर ठरवा. नुसते दुवे साठवायचे असतील तर ब्राउझर ते काम फुकटात करतो.

आकड्यावर क्लिक केलं की ते पान ठेवणाऱ्यांची यादी उघडते. कोणी कधी ठेवलं, कोणते टॅग (विषय सांगणारे शब्द) लावले, टिपणात काय लिहिलं, सगळं समोर येतं. इथूनच माणसं सापडतात, फक्त सुरुवात अरुंद विषयाच्या पानापासून करायला हवी. एखाद्या मोठ्या संकेतस्थळाचं मुखपृष्ठ हजारो लोकांनी ठेवलेलं असतं आणि त्यावरून कोणाचीच आवड कळत नाही. त्याऐवजी ‘मुक्ता’ या देवनागरी फॉन्टच्या मूळ फाइली असलेलं पान घ्या, किंवा मोडी वाचायला शिकवणारं एखादं पान घ्या. असं पान पाच-दहा जणांनीच ठेवलेलं असेल तर ते पाच-दहा जण तुमच्या कामाचे असण्याची शक्यता दांडगी. प्रत्येकाच्या नावावर जाऊन त्याचे टॅग बघा. त्याच विषयाचे चाळीस-पन्नास दुवे, तेही चार-पाच वर्षांत पसरलेले आणि निम्म्यांखाली टिपण असलेले, असा माणूस दिसला की लगेच त्या माणसाची सदस्यता घ्या. एकाच आठवड्यात गोळा केलेले तीनच दुवे असतील तर पुढे चला.

सदस्यता घेतलेल्यांचे नवे दुवे ‘नेटवर्क’ पानावर वेळेच्या क्रमाने येतात. तिथे निवड करणारं गणित नाही आणि जाहिरातीही नाहीत. ही मला या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. पण त्यामुळेच एखाद्याने दुसऱ्या सेवेतून आपोआप दिवसाला साठ दुवे ओतले, तर बाकीचे सगळे त्याखाली गाडले जातात. अशा माणसाची थेट सदस्यता घेऊ नका. त्याच्या नावाखालचा तुम्हाला हवा तो एकच टॅग उघडा आणि त्या पानाचं आरएसएस, म्हणजे नवे दुवे आपोआप पोचवणारा पत्ता, तुमच्या फीड रीडरमध्ये (असे पत्ते वाचणाऱ्या ॲपमध्ये) टाका. नेटवर्कमध्ये पंधरा-वीस माणसं पुरतात. त्यापुढे गेलात की वाचून होत नाही.

आकडा कमी दिसण्याचं नेहमीचं कारण पत्त्यातच असतं. व्हॉट्सॲप गटातून किंवा वृत्तपत्रिकेतून आलेल्या दुव्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे ‘यूटीएम’ने सुरू होणारं शेपूट असतं. वाचक कुठून आला हे मोजण्यासाठी ते जोडलेलं असतं, पानाशी त्याचा संबंध नसतो. शेपटासह ठेवलंत तर तुमचा दुवा वेगळाच धरला जातो आणि तेच पान ठेवणारे इतर लोक तुम्हाला दिसतच नाहीत. साठवण्याआधी ते शेपूट खोडा. मोबाइलसाठीचा वेगळा पत्ता असेल तर तोही बदलून मूळ पत्ता घ्या.

आता टॅग. इथे टॅगमध्ये मोकळी जागा चालत नाही, कारण दोन टॅग जागेनेच वेगळे होतात. ‘जल व्यवस्थापन’ लिहिलंत तर ‘जल’ आणि ‘व्यवस्थापन’ असे दोन टॅग होतील. मराठीला समास आहेत, ते वापरा: जलव्यवस्थापन, लोकसाहित्य, मोडीलिपी. सामान्यरूप किंवा अनेकवचन टाळून शब्द मूळ एकवचनी रूपात लिहा. यामागे एक बारीक कारणही आहे. ‘कादंबऱ्या’ या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीत, दोन प्रकारे टंकता येतो. एका कळफलकावर नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून, तर दुसऱ्यावर साध्या र ला हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकासाठी मात्र ते दोन वेगळे शब्द असतात. ‘कादंबरी’ लिहिलंत की प्रश्नच मिटतो. शिवाय प्रत्येक मराठी टॅगसोबत त्याचं रोमन रूपही लावा. पिनबोर्डच्या पत्त्यात भारताचं ‘डॉट इन’ असलं तरी सेवा अमेरिकेतली आहे, मराठी माणसं तिथे विरळ आहेत, आणि देवनागरीवर काम करणारे परदेशी लोक रोमन टॅगनेच सापडतात.

ब्राउझरमधले जुने दुवे एचटीएमएल फाइल करून एकदम आणता येतात. त्याआधी खाजगीपणाची सेटिंग्ज तपासा. जुन्या साठ्यात ‘दुवा असलेला कोणीही पाहू शकेल’ अशी ऑफिसची कागदपत्रं हमखास असतात. ती जाहीर झाली की कोणालाही उघडता येतात. टॅगच्या सुरुवातीला टिंब दिलं तर तो टॅग फक्त तुम्हालाच दिसतो, पण दुवा जाहीरच राहतो. या दोन गोष्टींत अनेकांची गल्लत होते.

वर्षाला ३९ डॉलरच्या खात्यात प्रत्येक पानाची प्रत साठवली जाते आणि आतल्या मजकुरात शोध घेता येतो. पानं मरतात, त्यामुळे संशोधन करणाऱ्यांनी हेच खातं घ्यावं. मात्र लॉगिनमागच्या पानांची प्रत मिळत नाही. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये लिहिलेल्या जुन्या मराठी पानांवर शोधही चालत नाही, कारण आत रोमन अक्षरांचा गोंधळ असतो. अशा पानाचं शीर्षक आणि दोन ओळींचं टिपण स्वतः टंका. आधी उपयोगाची ओळ निवडून मग बुकमार्कलेट (दुवा साठवण्यासाठी ब्राउझरच्या पट्टीवर ठेवलेलं बटण) दाबलं, तर ती ओळ आपोआप टिपणात येते.

पिनबोर्डचं स्वतःचं मोबाइल ॲप नाही, इतरांनी केलेली आहेत. २००९ साली मॅचेई त्सेग्वोव्स्की यांनी ही सेवा सुरू केली आणि ती आजही मुख्यतः एकाच माणसाच्या भरवशावर चालते. या क्षेत्राचा पायंडा पाडणारी डिलिशस २००३मध्ये आली, २००५मध्ये याहूने घेतली, आणि २०१०च्या डिसेंबरात ती बंद होणार अशी बातमी फुटताच लोक लोंढ्याने पिनबोर्डवर आले. २०१७मध्ये पिनबोर्डनेच डिलिशस ३५,००० डॉलरला विकत घेतली. अशा सेवांचा भरवसा नसतो, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सेटिंग्जमधून तुमचे सगळे दुवे जेसन (JSON) या प्रकारच्या फाइलमध्ये उतरवून घ्या. टॅग, टिपणं, तारखा सगळं त्यात येतं, आणि हे काम मिनिटभराचं आहे.